सरकीतले बिऱ्हाड

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरातली वडीलधारी बाई वाती वळायला बसते. कापसाचा पुंजका घ्यायचा, बोटांनी चाचपायचा, त्यातली सरकी हुडकून काढायची. सरकी सुपात आणि रुई मांडीवर. एक जरी सरकी राहिली तरी वात धड वळली जात नाही. माणसाचे आणि कापसाचे नाते हजारो वर्षांचे आहे, पण ते सगळे रुईशी. सरकी ही मधेच आलेली वस्तू. तिचे तेल काढावे, ढेप गुरांना घालावी, थोडी पेरणीसाठी ठेवावी, की माणसाचा तिच्याशी संबंध संपला.

ह्या जगात एक जीव असा आहे की ज्याचा हिशेब ह्याच्या नेमका उलटा. त्याला हवी असते ती सरकी. रुई ही त्याच्या वाटेतली अडचण. आपण सरकीसाठी रुई बाजूला सारत नाही, तो सारतो. आमच्या वऱ्हाडातला शेतकरी त्याला शेंदरी अळी म्हणतो, सरकारी पत्रकांत त्याचे नाव गुलाबी बोंडअळी असे छापलेले असते. रंगाचे नाव दोन्हींत आहे, आणि नाव ऐकून कुणाला वाटावे की हे काही शोभिवंत प्रकरण असेल. सणासुदीच्या अंकात अळीचे चरित्र कशाला, असेही एखादी वाचकभगिनी म्हणेल. पण ज्या वातीवर दिवा लागतो तिच्याच पोटची ही गोष्ट आहे. आणि आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते, तेव्हा कुठल्या घरात ह्या वर्षी पणत्यांची ओळ लागेल आणि कुठल्या घरात एकच दिवा उंबऱ्यावर मिणमिणेल हे पुष्कळदा ही अळीच ठरवते.

आधी तिची ओळख करून दिली पाहिजे.

नखाएवढा, मातकट राखाडी रंगाचा एक पतंग असतो. दिवसा तो ढेकळांच्या फटीत नाहीतर पाचोळ्यात दडतो, रात्री उडतो. पिकातून हिंडणाऱ्या माणसाला तो सहसा दिसतच नाही. त्याची मादी कोवळ्या बोंडाच्या बुडाशी, हिरव्या आवरणाच्या आत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी दोऱ्याच्या टोकाएवढी, पांढुरकी, तपकिरी डोक्याची. ती बोंडाला भोक पाडून आत शिरते, आणि बोंड वाढते तसे ते भोक आपोआप बुजून जाते. इथेच सगळी मख्खी आहे. बाहेरून बोंड हिरवेगार, टपोरे. शेतकरी बांधावरून पाहतो आणि समाधानाने घरी जातो. आत मात्र अळी एक सरकी पोखरून दुसरीकडे वळलेली असते. दोन आठवड्यांच्या आत ती अर्ध्या इंचाची होते आणि अंगावर तो प्रसिद्ध गुलाबी रंग चढतो. मग ती बोंडाला गोल भोक पाडून बाहेर पडते, मातीत कोष करते, आणि काही दिवसांनी पुन्हा पतंग.

बोंडे धरायच्या आधी ती आली तर फुलात शिरते. पाकळ्यांची टोके आतून रेशमाने शिवून टाकते. फूल उमलतच नाही. गुलाबाच्या कळीसारखे मिटून, पीळ घातल्यासारखे राहते. त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. शाळेत येणारी शेतकऱ्यांची पोरे ही डोमकळी लांबून ओळखतात. पुस्तकातल्या फुलाचे भाग पाठ म्हणताना जी अडखळतात, तीच पोरे रानात गेल्यावर मास्तरला शिकवतात, असा माझा अनुभव आहे.

बोंड फुटते तेव्हा नुकसान दिसते. पाकळ्या पुऱ्या उघडत नाहीत, रुई पिवळट डागाळलेली, बोटांनी ओढली तर चिकटून तुटणारी. तिला कवडी म्हणतात, आणि बाजारात कवडीचा भाव कवडीच्याच मोलाचा असतो. औषध मारायचे म्हटले तर ते बोंडावर पडते, अळी बोंडाच्या आत बसलेली असते.

एवढ्यावर तिचे चरित्र संपले असते तर ती एका देशातली एक कीड राहिली असती. पण तिच्या अंगी आणखी एक गुण आहे. हिवाळा लागला, दिवस लहान झाले, की शेवटच्या पिढीच्या पुष्कळ अळ्या कोष करीत नाहीत. त्या सरकीच्या आत शिरून झोपी जातात. कित्येकदा एक अळी दोन सरक्या पोखरून त्या रेशमाने एकमेकींना जोडते आणि त्या जुळ्या खोलीत पडून राहते. खाणे नाही, पिणे नाही. ही झोप काही महिने चालते. दोन वर्षांहूनही अधिक काळ अशी झोपून मग पतंग झालेल्या अळ्यांच्या नोंदी आहेत. तेवढ्या काळात ती सरकी पोत्यात भरली जाईल, बैलगाडीत, आगगाडीत, आगबोटीत चढेल, समुद्र ओलांडेल. अळीला पंख फुटायच्या आधीच तिचा प्रवास होऊन गेलेला असतो. जगातल्या बहुतेक कापसाच्या देशांत ही अळी गेली, आणि दूरचे समुद्र तिने ओलांडले ते माणसाच्या भाड्याने.

तिचे मूळ गाव कोणते ह्यावर कीटकशास्त्रज्ञांत वाद आहे. कुणी हिंदुस्थान म्हणतात, कुणी त्याच्या पूर्वेची बेटे आणि ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतात. पण शास्त्राच्या वहीत तिचे नाव पहिल्यांदा चढले ते आपल्या भडोचमुळे, हे निश्चित. ईस्ट इंडिया कंपनीवर त्या काळी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा तगादा होता: हिंदुस्थानचा कापूस आखूड धाग्याचा, आम्हाला अमेरिकेसारखा लांब धाग्याचा हवा. म्हणून १८४० साली कंपनीने अमेरिकेतून दहा अनुभवी मळेवाले पगार देऊन इकडे आणले. अमेरिकन बियाणे, अमेरिकन नांगर, अमेरिकन रेचे त्यांच्याबरोबर आले. भडोचला सरकारी लागवड सुरू झाली. प्रयोग बहुतेक ठिकाणी फसला, धारवाडकडे तेवढे ते बियाणे रुजले. पण ह्याच दिवसांत भडोचच्या सरकारी लागवडीवरून बोंडे पोखरणाऱ्या एका पतंगाचे नमुने लंडनला गेले. तिथे विल्यम विल्सन साँडर्स ह्या गृहस्थाने १८४३ साली त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले आणि कापसाच्या लॅटिन नावावरून त्याला ‘गॉसिपिएला’ हे नाव दिले. हे साँडर्स पोटासाठी लॉइड्सच्या पेढीत आगबोटींचे विमे उतरवीत असत आणि फावल्या वेळात कीटक गोळा करीत. जिच्यापासून कापूसवाल्याला विमा हवा होता तिचे बारसे एका विमेवाल्याने केले, एवढीच ह्यातली गंमत.

त्यानंतर साठेक वर्षे अळीची बाहेर फारशी वाच्यता झाली नाही. इकडे ती होती, पिकाचा हिस्सा खात होती. आपला शेतकरी तिचा हिस्सा मनातल्या मनात वजा करून बसला होता, जसा तो पाखरांचा करतो.

मग आले इजिप्त. नाईलच्या काठचा कापूस म्हणजे जगातल्या कापसाचा राजा. लांब, रेशमी, तलम. तिथे १९०६-०७च्या सुमारास हिंदुस्थानातून सरकीसकट कापूस गेला, आणि त्याच्याबरोबर ती गेली असे मानतात. पहिली काही वर्षे कुणाला दाद लागली नाही. १९११ नंतर मात्र बोंडे उघडून पाहावीत तो आत गुलाबी अळी. दोनतीन वर्षांत ती साऱ्या त्रिभुज प्रदेशात पसरली. एफ. सी. विलकॉक्स ह्या तिथल्या कीटकशास्त्रज्ञाने १९१६ साली केवळ हिच्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला.

इजिप्तच्या हकिगतीतली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. तिथल्या फेलाहाजवळ, म्हणजे गरीब कुळाजवळ, जळणाला लाकूड नाही. नाईलच्या खोऱ्यात झाडे ती किती! म्हणून वेचणी संपली की तो कपाशीची झाडे उपटायचा आणि वाळलेल्या काड्यांच्या मोळ्या घराच्या धाब्यावर रचून ठेवायचा. वर्षभराची चूल त्यावर चाले. त्या काड्यांना न फुटलेली, वाळकी बोंडे चिकटलेली असत आणि त्या बोंडांत अळ्या झोपलेल्या असत. पुढच्या उन्हाळ्यात पतंग निघायचे ते थेट गरिबाच्या छपरावरून. सरकारने कायदे केले: अमुक तारखेच्या आत झाडे उपटा, काड्यांवरची बोंडे तोडून जाळा. सरकी गरम हवेतून काढून आतली अळी मारायची यंत्रे कारखान्यांत बसवायला लावली; पंचावन्न अंशांच्या आसपास उष्णता दिली तर अळी मरते आणि बी जगते, एवढी नाजूक ती कसरत. कारखान्यातली सरकी यंत्रात घालता आली. छपरावरच्या मोळ्या कोण तपासणार? आमच्या विदर्भात कुठल्याही खेड्यात जा, घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला दिसेल. हजारो मैलांवरची दोन माणसे, एकमेकांचे नावही न ऐकलेली. पण चुलीचा प्रश्न एकच, म्हणून अळीची सोयही एकच.

इजिप्तच्या बियाण्याची कीर्ती मोठी, त्यामुळे ते बियाणे जगभर मागवले जाई. मेक्सिकोत १९११ साली ते गेले, ब्राझीलमध्येही त्याच सुमारास गेले. दोन्हीकडे बरोबर अळी उतरली. चांगले वाण आणावे, आपल्या शेतकऱ्याचे भले करावे, ह्याच सद्हेतूने हे झाले होते. मेक्सिकोतल्या लागूना नावाच्या कापसाच्या मुलखात ती काही वर्षे गुपचूप वाढली. ती नेमकी कोण हे कळायला १९१६ साल उजाडले. त्याच वर्षी तिथली शेकडो डबे सरकी सरहद्द ओलांडून टेक्सासच्या तेलाच्या घाण्यांवर गेली होती. १९१७च्या सप्टेंबरात हर्न नावाच्या गावी, अशाच एका घाणीजवळच्या शेतात, टेक्सासमधली पहिली अळी सापडली. पुढे समुद्रकाठच्या एका भागातही ती मिळाली; तिथे कुठलीच मेक्सिकन सरकी गेलेली नव्हती. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी तर्क केला की १९१५च्या मोठ्या वादळात गॅल्व्हेस्टन बंदरातल्या मेक्सिकन कापसाच्या गाठी वाहत जाऊन त्या किनाऱ्याला लागल्या असाव्यात. समुद्रात बुडूनही बिऱ्हाड शाबूत!

अमेरिकेने मग जे केले ते वाचताना थक्क व्हायला होते. कीड सापडलेल्या शेतांत मजुरांच्या रांगा उभ्या करून झाडे मुळासकट उपटली, जमिनीवर पडलेले बोंडनबोंड वेचून जाळले. कित्येक मुलखांत कायद्याने कापूस पेरायलाच बंदी केली. मेक्सिकोहून येणारे आगगाडीचे डबे सरहद्दीवर धुरीच्या कोठ्यांत उभे करून विषारी वायूने शुद्ध करून घेतले जाऊ लागले. पूर्व टेक्सास आणि लुइझियानातून अळी खरोखरच हद्दपार झाली. पण रिओ ग्रांदे नदीच्या काठाने ती पश्चिमेकडे टिकून राहिली आणि सावकाश सरकत, अनेकदा मार खात, १९६०च्या दशकात ॲरिझोना ओलांडून कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात पोचली. तिथे शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, आणि शेवटी पुष्कळांनी कापसाचा नाद सोडला.

इकडे आपल्याकडे काय चालले होते?

आपल्याकडे कापूसच बदलत होता. जुना गावरान कापूस पावसावर यायचा, पावसाबरोबर संपायचा. माघ-फाल्गुनात शेत रिकामे. उन्हाळाभर काळ्या मातीला भेगा पडायच्या आणि अळीला खायला काही नसायचे. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेल ह्यांनी ‘संकर ४’ हे वाण काढले. व्यापारी लागवडीसाठी निघालेला जगातला पहिला संकरित कापूस. त्याचा अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी होती. झाड डेरेदार, बोंडे भरघोस. पण पीक लांबते. सात-सात, आठ-आठ महिने झाड उभे. विहिरीचे पाणी असेल तर आणखी लांबवता येते. तिच्या ताटातला घास आपणच वाढवला असे म्हणावे लागेल. मात्र हे म्हणताना तेच ताट शेतकऱ्याच्या मुलांनाही पुरत होते हे विसरू नये.

१९८०च्या दशकात नवी जहाल औषधे आली, शेंदरी अळी मागे हटली, आणि तिच्या जागी हिरवी अमेरिकन बोंडअळी माजली. ती कुठल्याच औषधाला दाद देईना. तिच्या धाकाने २००२ साली बीटी कापूस आला. जमिनीतल्या एका सूक्ष्म जंतूच्या अंगचे अळीनाशक द्रव्य ह्या कपाशीच्या पेशीपेशीत तयार होते; अळीने घास घेतला की ती मरते. २००६ साली दोन द्रव्यांचे बियाणे आले. दहा-बारा वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. पहिली वर्षे सोन्याची गेली हे कुणीही खरे बोलणारा माणूस नाकारणार नाही. फवारणीचे पंप कोपऱ्यात पडले. पोरींची लग्ने झाली, घरांवर स्लॅब पडले.

पण बियाण्याच्या पिशवीबरोबर एक छोटी पुडी येत असे. मोठ्या पिशवीत ४५० ग्रॅम बीटी, पुडीत १२० ग्रॅम साधे बियाणे. हे साधे बियाणे शेताच्या कडेने पेरायचे, त्यावर काही अळ्या पोसू द्यायच्या; म्हणजे औषध पचवलेला एखादा पतंग निपजला तरी त्याला जोडीदार साध्याच अळीतला मिळेल आणि पचवण्याचा गुण पुढच्या पिढीत विरून जाईल. विचार सुंदर आहे. पण पाच एकरवाल्या माणसाला तुम्ही सांगा की बाबा रे, ह्यातला एक तुकडा किडीला आंदण दे! त्याने ती पुडी बहुधा बांधावर टाकली किंवा घरीच ठेवली. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय एक खोच बियाण्याच्या जातीतच होती, आणि ती मला ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथे बीटी कापूस सरळ वाणांत आहे. तिथे बोंडातली प्रत्येक सरकी आईसारखी. आपल्याकडे तो संकरित वाणांत आला. संकराच्या पोटची पिढी एकसारखी नसते, भावंडे निरनिराळी निपजतात. म्हणजे एकाच बोंडात तीसेक सरक्या असतील तर काहींत दोन्ही द्रव्ये, काहींत एकच, आणि सोळांत साधारण एक अशी की जिच्यात काहीच नाही. पाने खाणाऱ्या अळीला ह्याचा फायदा नाही. पण जिचे सारे आयुष्य सरकीत जाते तिला आपण जणू विषाची चव थोडी थोडी घेऊन सवय करण्याची शाळाच घालून दिली. चीनमध्ये काही ठिकाणी शेतकऱ्यांनी अशाच दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले, तेव्हा शेतात एक चतुर्थांश झाडे पूर्ण साधी निपजली आणि ती आपोआप कडेच्या पट्ट्याचे काम करून गेली. तिथे अळीची प्रतिकारशक्ती उलट घटली. एकच नियम, एका घरी तारक, दुसऱ्या घरी मारक.

गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट ह्या चार जिल्ह्यांत पहिल्या द्रव्याला अळी पुरून उरली असे २०१० साली बियाणे कंपनीनेच जाहीर केले. आणखी चारपाच वर्षांत दुसरेही द्रव्य निकामी झाले. आणि २०१७ सालच्या दिवाळीनंतर विदर्भात जी वेचणी झाली तिची आठवण काढली तरी माणसे गप्प होतात. बोंडे झाडावर लगडलेली, आणि फोडून पाहावे तर सरकी पोकळ. वेचणाऱ्या बाया कवडी वेचायला तयार होईनात. मजुरी निघत नव्हती. कित्येकांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. ती फवारणी सगळी ह्याच एका अळीसाठी नव्हती. पण डोक्याहून उंच वाढलेल्या कपाशीत, उघड्या अंगाने, दोन-तीन औषधे एकत्र करून माणसे शिरत होती ती पीक हातचे जाईल ह्या धास्तीने, हे काही खोटे नाही.

दुसऱ्याच वर्षी, २०१८च्या १९ ऑक्टोबरला, अमेरिकेने जाहीर केले की आपल्या कापसाच्या मुलखातून ही अळी समूळ नष्ट झाली. हर्नच्या शेतापासून एकशे एक वर्षे. त्यांच्याकडेही बीटीच होते. पण ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी साध्या कापसाचे पट्टे बहुतांशी इमानाने राखले होते. नंतर फिनिक्स शहरात पतंगांची पैदास करण्याचा एक कारखाना चालवून, त्या पतंगांना किरणांनी वांझ करून, विमानांतून शेतांवर सोडले. २००६ ते २००९ ह्या काळात एकट्या ॲरिझोनावर सुमारे दोनशे कोटी. त्यांच्या अळ्यांना खाण्यातून लाल रंग दिलेला असे, म्हणजे सापळ्यात सापडलेला पतंग घरचा की रानातला हे पोटाच्या रंगावरून ओळखता यावे. रानातल्या पतंगांची लग्ने वांझ वरांशी लागली आणि वंश खुंटला. खर्चाचा मोठा वाटा शेतकऱ्यांनी स्वतः पट्टी काढून उचलला. आणि झाडे अमुक तारखेच्या आत नांगरून टाकायची ह्या नियमाला तिथे फाटे फुटले नाहीत.

मी गोष्टी लिहिणारा माणूस आहे, मला खलनायक लागतो. पण ही कथा कितीही वेळा उलगडली तरी तो हाती लागत नाही. अमेरिकन मळेवाला एका सहीनिशी शेकडो एकर नांगरून टाकतो आणि त्याला त्या जागी दुसरे काही पेरता येते. आमच्याकडे डिसेंबर संपता कपाशी उपटा, फरदड घेऊ नका, असे कृषी खाते दर वर्षी कानीकपाळी ओरडून सांगते. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन झाडाला पुन्हा फुलायला लावणे. त्यातून उन्हाळ्यापर्यंत आणखी एक-दोन वेचण्या मिळतात. ह्या वेचण्या म्हणजे अळीची मेजवानी, हे शेतकऱ्याला माहीत नाही असे समजू नका. पण पहिल्या वेचणीचा कापूस दुकानदार नेतो, दुसरीचा सोसायटी नेते, आणि घरात जो चार पैसे म्हणून येतो तो पुष्कळदा ह्या फरदडीचा असतो. ती सोडा म्हणजे पोरांच्या वह्या सोडा. आणि एकट्याने सोडून काय होते? शेजारच्याने ठेवली की पतंगाला बांध अडवीत नाही. गावातल्या सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात पऱ्हाट्या काढाव्यात, उरलेल्या बोंडांवर मेंढरे घालावीत, असे जिथे जिथे ठरले आणि पाळले गेले तिथे पुढल्या वर्षी डोमकळ्या कमी दिसल्या, एवढे मात्र ऐकायला मिळते.

आता अळीच्या प्रवासाचा ताजा टप्पा सांगतो. पंजाब-हरियाणातला बीटी कापूस बरीच वर्षे तिच्यापासून सुरक्षित होता. २०१८च्या सुमारास हरियाणात जिंदकडे, आणि मग पंजाबात भटिंड्याच्या बाजूला, ती बीटी कपाशीवर सापडली. सापडली ती प्रामुख्याने जिनिंगच्या आणि सरकीच्या तेलाच्या कारखान्यांजवळच्या शेतांत. २०२१ साली भटिंडा आणि मानसा जिल्ह्यांत तिने पीक खाल्ले. दक्षिणेकडून आणि गुजरातेकडून जो कच्चा माल त्या कारखान्यांत जातो त्याच्यातून ती गेली असावी असे तिथले तज्ज्ञ म्हणतात. भडोच, इजिप्त, लागूना, हर्न, भटिंडा. गाडी बदलली, मार्ग बदलला, डबा तोच.

आमच्याकडेही जिनिंगच्या आवारात आता कामगंध सापळे टांगलेले असतात. मादीच्या अंगी जो गंध असतो तोच रसायनशाळेत बनवून रबराच्या बोंडकात भरतात. १९७३ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी तो ओळखला. नर त्या वासावर येतो आणि पिशवीत पडतो. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दहा-दहा कोसांत हिरवी कपाशी नसते, तेव्हाही त्या पिशव्यांत पतंग सापडतात. गोदामातल्या सरकीत झोपलेले बिऱ्हाड जागे होत असते. पहिला वळीव पडला की मातीतले आणि सरकीतले पतंग मोठ्या संख्येने निघतात, आणि त्या वेळी शेतात पाती धरलेले झाड नसेल तर मादी अंडी घालायला जागा शोधत थोड्या दिवसांत मरून जाते. म्हणून २०१७च्या अनुभवानंतर महाराष्ट्रात कपाशीचे बियाणे शेतकऱ्याला जूनच्या तोंडापर्यंत विकू नये असा निर्बंध सुरू झाला. मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर पेरलेली कपाशी नेमकी ह्या पतंगांच्या वेळेला पात्यावर येते, हे त्यामागचे कारण. विहीरवाला मात्र दुकानाच्या फळीवर हात ठेवून विचारतो की पाणी आज आहे, जूनमध्ये विहीर आटली तर? दुकानदार वर पाहत नाही. आणि मग तो शेजारच्या राज्यातून एक पिशवी आणता येईल का ह्याची चौकशी करीत बसस्टँडकडे जातो.